दोन आणे दुखणं

दुखणं किती आहे हे विचारायची सुरतच्या डॉक्टरांची एक पद्धत होती. आणे व्यवहारातून केव्हाच गेले होते, पण दवाखान्यात ते अजून चालायचे. "काका, एक रुपियामांथी केटला आना दुखे छे?" रुपयातले किती आणे दुखतं? सोळा आणे म्हणजे जीव जाईल इतकं, एक आणा म्हणजे नुसती कुरकुर. म्हाताऱ्या माणसांना हा हिशेब चटकन कळतो, असं डॉक्टर मंडळी सांगायची. कळतो हे खरंच. पण म्हाताऱ्याने त्यातून काय समजून घेतलं, हे कोणी विचारत नव्हतं.

माझ्या वडिलांनी, आबांनी, सांगितलं, "दोन."

त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा तेव्हा काळा पडला होता. जन्मभर बिड्या ओढून पायाच्या शिरा आकसल्या होत्या, रक्त खाली उतरत नव्हतं. अंगठा वाळलेल्या खारकेसारखा दिसत होता आणि त्याच्या कडेने पाय लाल-जांभळा झाला होता. पाय वर घेतला की कळ निघायची, म्हणून आबा पलंगावर आडवे होत नसत. पाय खाली सोडून, पंच्याचा बोळा दातात धरून बसून राहत. नर्स येऊन ओरडायची, "काका, पग उपर लो!" आबा पाय वर घेत. ती गेली की पुन्हा खाली सोडत.

असा माणूस म्हणाला, दोन आणे. आणि सर्जनने कागदावर दोन आणे लिहून घेतले.

मी त्या वेळी शेजारीच उभा होतो. मी म्हणालो, "साहेब, ह्या माणसाचा पहिला आकडा कधीच खरा नसतो. हे लिहू नका."

सर्जन माझ्याच वयाचा होता. गोरा, गुळगुळीत दाढी केलेला, खिशात अत्तर लावलेला रुमाल. वॉर्डात शिरताना तो रुमाल एकदा नाकापाशी न्यायचा, अगदी सफाईने, घाम पुसल्यासारखं करून. मला ते पहिल्या दिवशीच दिसलं होतं. तो गुजरातीत म्हणाला, "शेठ, दुखतं त्यांना. मी त्यांचं लिहू की तुमचं?"

"चौदाच्या खाली नाही, मी सांगतो."

"तुम्ही दुकानात बसता, मी इथे बसतो. मी तुमच्या दुकानात येऊन कापडाचा भाव सांगतो का?"

त्याच्या मागे उभी असलेली शिकाऊ डॉक्टर पोरं हसली. आणि आबा, ज्यांच्यासाठी मी भांडत होतो, ते आमच्या अहिराणीत म्हणाले, "त्याना नादे लागू नका साहेब. त्याले बोंबलानी सवय शे."

झालं. माझ्या बोलण्याला त्यानंतर त्या वॉर्डात किंमत उरली नाही. सर्जन म्हणाला, अंगठा सुका आहे, फारसं दुखत नाही, काही वांधो नथी, वाट पाहू. सुका अंगठा कधीकधी आपोआप गळून पडतो.

मी कुठून आलो हे इथे सांगायला हवं, म्हणजे माझ्या रागाला बैठक मिळेल. मी खान्देशातून सुरतच्या पांडेसऱ्यात आलो तो एका डाइंग मिलमध्ये कापडाच्या घड्या घालायला. पुढे मिलवाल्यांनी नाकारलेला माल घ्यायला लागलो. रंग पसरलेल्या साड्या, छपाई सरकलेले तागे, मशीनच्या तेलाचे डाग पडलेला माल. डॅमेज मालाचा व्यापारी. विकणारा नेहमी सांगणार, "मामूली दाग छे." त्याच्या "मामूली"च्या मागे काय दडलंय ते ओळखण्यावर माझं घर उभं राहिलं. तागा पूर्ण उलगडल्याशिवाय मी कधी हो म्हटलेलं नाही. वरच्या चार घड्या चांगल्या असतात, डाग आत असतो. ही अक्कल मी फुकट देत होतो आणि तो गोरा माणूस घेत नव्हता.

आणि आबा? आबा बैलांचे दलाल होते. आमच्याकडच्या बैलबाजारात विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये उभं राहून सौदा जुळवून देणारे. आई गेल्यावर मी त्यांना सुरतेला आणलं. त्यांना सुरत आवडली नाही. "आठे जनावर दिसत नही, नुसती माणसं," म्हणायचे. आठे म्हणजे इथे.

त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलची मला शिसारी यायची. जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्यांचे थरावर थर. फिनेलचा वास आणि त्याच्या खालून येणारा, फिनेलने न झाकलेला वास. चहावर साय धरलेली, तिच्यात माशी. भेटायला येणारे नातेवाईक तर सगळ्यांत वाईट. गावाकडून गाडीत बसून यायचे, मोसंब्या आणायचे आणि आबांच्या पलंगापाशी आले की नाकाला पदर, उपरणं, जे असेल ते लावायचे. मग त्याच पदराआडून विचारायचे, "आता बरं वाटस ना?" आबा म्हणायचे, "बरं शे." दुसरं काय म्हणणार? नाक दाबलेल्या माणसाला कोण काय सांगेल?

अंगठा गळून पडला नाही. तो ओला झाला, सडायला लागला. मी रोज सांगत होतो, नर्सला, शिकाऊ पोरांना, राउंडला आलेल्या प्रत्येकाला. ते आबांकडे वळून विचारायचे, "काका, केटला आना?" आबा तेच सांगायचे. एकदा तीन म्हणाले. मला वाटलं, चला, भाव चढायला लागला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन.

अशात एका गुरुवारी दुपारी ती बाई आली.

नर्सिंग शिकणाऱ्या आठ-दहा मुली आणि त्यांच्या पुढे सुती साडीतली, चष्मा लावलेली, चाळिशीतली बाई. मराठी होती. सुरतेच्या एका कॉलेजात साहित्य शिकवायची. ट्रस्टमधल्या कोणाला तरी सुचलं होतं की नर्सिंगच्या मुलींना आठवड्यातून एकदा गोष्टी वाचायला लावाव्यात आणि मग वॉर्डात नेऊन एकेका पेशंटजवळ बसवावं. नियम एकच. हातात फाइल नको, थर्मामीटर नको, आणि रोगाबद्दल एक शब्द विचारायचा नाही. माणसाला बोलू द्यायचं.

मला हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. बापाचा पाय सडतोय आणि हे लोक गोष्टी ऐकायला आलेत. मी त्या बाईला म्हणालो, "बाई, कॉलेजात पगार मिळत नाही का?"

"मिळतो. इथे मिळत नाही."

"मग इथला माल फुकट दिसतो."

"फुकट ऐकून घेणारी माणसं तुमच्या बाजारात मिळतात का हो?" ती अगदी शांतपणे म्हणाली. तिचं मराठी असं धुतलेलं होतं की मला आणखी राग आला.

"ऐकून काय होतं? औषध द्या म्हणावं."

"औषध देणारे पुष्कळ आहेत इथे. रोगाची लक्षणं ह्या मुलींच्या पुस्तकात असतात. रोगी काय लपवतो, कसा लपवतो, हे त्या पुस्तकात नसतं. ते दुसऱ्या पुस्तकांत असतं."

"कुठल्या?"

"गोष्टींच्या. तोंडाने एक बोलणारी आणि मनात दुसरं असणारी माणसं तिथे भरपूर भेटतात. अशी दहा माणसं वाचलेली मुलगी अकराव्याचं बोलणं लगेच लिहून घेत नाही. थोडी थांबते."

मी गप्प बसलो, ते पटलं म्हणून नव्हे. माझंच वाक्य कोणीतरी इस्त्री करून मला परत दिल्यासारखं वाटलं म्हणून. वरच्या चार घड्या चांगल्या असतात, हे मी आठवडे ओरडून सांगत होतो. फरक इतकाच की मी ओरडत होतो.

तिने आबांच्या पलंगाजवळ स्टूल ओढलं. अगदी जवळ. रुमाल नाही, पदर नाही. मुली भोवती उभ्या. तिने विचारलं, "काका, तुम्ही काम काय करायचात?"

किती दिवसांनी आबांना कोणी पायाबद्दल न विचारता काही विचारलं होतं. आधी ते "काय सांगू, साधं काम" म्हणाले. मग बैलाबद्दल बोलायला लागले आणि थांबेनात. बोलत होते अहिराणीत, मुली होत्या व्यारा-बारडोलीकडच्या. गुजरातीला जवळची भाषा असल्याने निम्मं त्यांना कळत होतं, उरलेलं मला सांगावं लागत होतं. मी कपाळाला आठ्या घालून सांगत होतो.

त्यांनी एका सौद्याची गोष्ट सांगितली. बैल दिसायला देखणा, पण मागच्या पायाने अधू. विकणारा त्याला बाजारात आणायच्या आधी दामटून चालवत आणायचा, म्हणजे पाय गरम राहतो आणि लंगडणं दिसत नाही. घेणारा भोळा. आबा मध्ये. आबांनी काय केलं, तर दोघांना बोलण्यात गुंतवलं. राम राम, पाऊसपाणी, पोरीचं लग्न. इतका वेळ लावला की बैलाचा पाय थंड झाला. मग म्हणाले, "आता चालाड त्याले." बैल लंगडला.

मुली हसल्या. एकीने विचारलं, "काका, पछी भाव केवी रीते नक्की थाय?" भाव ठरतो कसा?

आबा खुलले. त्यांनी माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला आणि आपल्या हातावर टाकला. "असा. वर कपडा, खाले हात." दलाल आणि गिऱ्हाईक कापडाखाली एकमेकांचा हात धरतात. एक बोट दाबलं तर एक, दोन दाबली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. भोवती गर्दी असते, सगळे कान लावून असतात, पण भाव कोणाला कळत नाही.

"आणि तोंडाने?" बाईंनी विचारलं.

"तोंडनी बी सांगतस. मोठ्याने सांगतस. पण तो भाव गावनासाठे ऱ्हास. तो कोणी खरा धरत नही. खरा भाव बोटे सांगतस."

"तोंडाने सांगितलेला भाव कोणी खरा धरला तर?"

आबा हसले. "तो येडा. त्याले बाजारमा येवानं काम नही."

बाईंनी मुलींकडे वळून गुजरातीत विचारलं, "डॉक्टरसाहेबांना काकांनी दुखणं किती सांगितलंय?"

"बे आना," दोघीतिघी एकदम म्हणाल्या. ते वॉर्डात सगळ्यांना पाठ होतं.

"कशाने सांगितलं?"

मग एक काळीसावळी, बुटकी मुलगी हळूच म्हणाली, "मोढेथी." तोंडाने.

"कोणासमोर?"

"बधानी सामे." सगळ्यांसमोर.

आबांचं हसू गेलं. त्यांनी टॉवेल बाजूला टाकला आणि तोंड भिंतीकडे केलं. आबांचा पहिला आकडा खरा नसतो हे मला माहीत होतं. पण मला वाटत होतं, ते आपला धीर दाखवताहेत, पुरुषासारखे सहन करताहेत. ते सौदा करताहेत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. डॉक्टर रुपया दाखवून भाव विचारतोय, म्हणजे तो गिऱ्हाईक, आणि विकायला आहे पाय. जास्त सांगितलं की तो पाय नेणार. दोनवर धरून ठेवलं तर तो कंटाळून निघून जाईल. आबा आपल्या पायाची दलाली करत होते, आणि तीही चोख. समोरच्याला हा बाजार आहे हेच माहीत नव्हतं, एवढीच अडचण.

भिंतीकडे पाहतच ते म्हणाले, "बाई, तू हुशार शे. मना सौदा मोडी टाका तू."

"सौदा मोडला नाही काका. अजून झालाच नाही. खरं सांगितलं तर काय जाईल?"

"पाय जाई."

"आणि दोन सांगून राहील?"

पायावरच्या पट्टीतून पिवळं पाणी झिरपत होतं, ते सगळ्यांना दिसत होतं.

मी टॉवेल उचलला, त्यांच्या हातावर टाकला आणि खाली हात घातला. "आबा, माले सांगा. किती?"

त्यांनी माझा हात झिडकारला. "तू मना माणूस. आपला माणूससंगे सौदा व्हस का?"

तेव्हा बाई उठल्या. त्या सर्जनकडे गेल्या. काय बोलल्या मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला तो आला तेव्हा बाई त्याच्याबरोबर होत्या आणि त्याचा चेहरा लहान मुलाच्या वाढदिवसाला जबरदस्तीने आणलेल्या माणसासारखा होता. मी आबांच्या हातावर टॉवेल धरला. सर्जनने टॉवेलकडे पाहिलं. तो धुतलेला होता, तरीही त्याने पाहिलं.

"आमां हाथ नाखवानो?" यात हात घालायचा?

"हो. आणि रुमाल खिशात ठेवा," मी म्हणालो.

त्याने हात घातला. आबांनी डोळे मिटले. टॉवेल हलला, थांबला, पुन्हा हलला. सर्जन माझ्याकडे पाहत म्हणाला, "आखो हाथ पकडे छे. एक वार... बीजी वार... त्रीजी वार. आ शुं?"

"पंजा तीनदा. पंधरा."

सर्जनने हात काढला नाही. काढू शकला नाही, कारण आबांनी तो धरून ठेवला होता. मग त्याने जे विचारलं ते त्याने पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. खालच्या आवाजात विचारलं, "आणि मागच्या आठवड्यात?" आबांनी पुन्हा पंजा तीनदा दाबला.

आबांनी आपणहून डोळे उघडले आणि दुसऱ्या हाताची कड गुडघ्याच्या खाली, चार बोटांवर आडवी ठेवली. "आठून लई जा. गुडघा माले पाहिजे. गुडघा ऱ्हायना तर मी बठसू, उठसू." इथून कापा; गुडघा राहिला तर मी बसेन, उठेन. हा त्यांचा शेवटचा भाव होता.

सर्जन म्हणाला, "घूंटण बचावी लईशुं, काका." गुडघा वाचवू. आबांनी हात सोडला. सर्जन सिंककडे गेला आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. डॉक्टर हात धुतातच, हे मला कळतं. पण त्या दिवशी मला ते पाहवलं नाही.

पाय गुडघ्याखाली कापला. जखम भरली नाही. सडणं आधीच वर चढलं होतं, टाक्यांमधून पुन्हा तेच पिवळं पाणी आलं, तोच वास. दुसऱ्यांदा नेलं आणि मांडीतून कापला. गुडघा गेला.

त्या ऑपरेशननंतर सर्जन मला व्हरांड्यात भेटला. थकलेला होता. म्हणाला, "पेशंटने सुरुवातीलाच खरं सांगितलं असतं तर..."

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. "मी सांगितलं होतं! तुझ्यासमोर उभा राहून सांगितलं होतं! दोन लिहू नको म्हणून सांगितलं होतं!" मी त्याला एकेरीत बोलत होतो, माझा हात त्याच्या कोटाच्या कॉलरपर्यंत गेला होता. वॉर्डबॉयनी मला मागे ओढलं. सर्जन कोट सारखा करत म्हणाला, "तुम्ही प्रत्येक गोष्टीत ओरडता, शेठ. कुठलं ओरडणं खरं, ते आम्ही कसं ओळखायचं?"

त्या वाक्याचा राग माझ्या अंगात अजून आहे. ओरडणाऱ्याचं ऐकायचं नाही आणि हळू बोलणाऱ्याचं लिहून घ्यायचं, हा कुठला धर्म? ज्याला ओरडणं आणि दुखणं यांतला फरक कळत नाही त्याने माणसाच्या अंगाला हात लावू नये, असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

पुढच्या वर्षी हॉस्पिटलचा वार्षिक समारंभ झाला. आम्हाला आमंत्रण आलं. मी जाणार नव्हतो. आबा म्हणाले, जायचं. स्टेजवर झेंडूच्या माळा, समोर सुरतचे शेठिये, पहिल्या रांगेत साहित्याच्या बाई. सर्जन बोलायला उभा राहिला आणि त्याने आबांची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली, हे कबूल करावं लागेल. बैलबाजार, टॉवेल, पंजा. "एका अभण वृद्धाने मला शिकवलं की डॉक्टरने कानाने नाही, हृदयाने ऐकायचं असतं." अभण म्हणजे अडाणी. सभागृहात वाहवा झाली, बायकांनी डोळे पुसले. गोष्ट टॉवेलपाशी संपली. दुसरं ऑपरेशन नाही, गुडघा नाही, मी पहिल्या दिवशी काय बोललो ते नाही. आबांना त्याने त्यांच्याच गोष्टीतल्या बैलासारखं दामटून चालवत आणलं होतं, लंगडणं दिसू नये म्हणून. डॅमेज मालाला वरून नवी घडी घालून विकणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण ते निदान टाळ्या मागत नाहीत.

मी उठलो. "साहेब, पाय कुठून कापला ते सांगा ना लोकांना!" एवढं वाक्य तयार होतं. पण आबांनी माझा सदरा खाली ओढला.

"खाले बठ."

"आबा, हा खोटं सांगी राहिना."

"पाय मना व्हता. गोष्ट बी मनी शे. तू खाले बठ."

मी बसलो. आबांना शाल दिली, कुबड्यांच्या आधाराने ते स्टेजवर गेले आणि सर्जनला हात जोडले. पहिल्या रांगेतल्या बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. हात मांडीवर ठेवून आबांकडे पाहत होत्या.

परत येताना रिक्षात माझा स्फोट झाला. "शाल घेतली! हात जोडले! तुमचा गुडघा त्याने खाल्ला आणि तुम्ही..."

आबा बाहेर पाहत होते. म्हणाले, "ते लोके डॉक्टरनी गोष्ट ऐकाले आलथात. मनी नही. मनी ऐकाले कोणी उनं म्हणजे सांगसू."

"कोण येणार आहे?"

"ती बाई. गुरुवारे ये म्हनी माले. नव्या पोरी शेतस."

म्हणजे मी गुरुवारी दुकान सोडायचं, त्यांना रिक्षात घालायचं, त्या पिचकाऱ्यांच्या जिन्याने वर चढवायचं आणि खुर्चीत बसवायचं. हे मला कोणी विचारलंच नव्हतं. तरी मी ते केलं.

नर्सिंगच्या वर्गात नव्या मुली होत्या. आबा त्यांच्यासमोर बसले, धोतराची एक बाजू गुंडाळून कमरेला खोचलेली. ह्या वेळी बैलाची गोष्ट त्यांनी काढली नाही. ते वासाबद्दल बोलले. स्वतःच्याच अंगाचा वास येतो आणि त्यापासून लांब जाता येत नाही, ते कसं असतं. जेवणाचं ताट समोर आलं की आधी पाय पांघरुणात घालायचो, म्हणाले. भेटायला आलेली माणसं नाक दाबायची तेव्हा वाटायचं, मी बाजारात खूर कुजलेला बैलही नाक दाबून पाहिला नाही, त्यालाही कळतं. मुली लिहून घेत नव्हत्या. बाईंनी वह्या बाहेर ठेवायला सांगितल्या होत्या. मी मागच्या बाकावर बसून हे सगळं पहिल्यांदा ऐकत होतो. वर्षभर एकाच घरात राहून, एकाच पंगतीला बसून.

एका मुलीने विचारलं, "काका, हवे दुखे छे? पग नथी त्यां?" जिथे पाय नाही, तिथे अजून दुखतं का?

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाईंना म्हणाले, "ह्या पोऱ्याले बाहेर काढा. मंग सांगसू."

मी पन्नाशीला टेकलो होतो. पोऱ्या! बाई दारापर्यंत आल्या आणि त्यांनी माझ्यामागे दार लोटून घेतलं. मी व्हरांड्यात उभा राहिलो, संतापाने कान गरम झालेले. आतून आवाज येत नव्हता. आबा हळू बोलत असावेत.

तेवढ्यात सर्जन समोरून आला. समारंभानंतर पहिल्यांदाच आम्ही समोरासमोर येत होतो. तो थबकला, मग नेहमीचं हसू आणून म्हणाला, "केम छो शेठ? काकाने केम छे?"

"आत आहेत," मी म्हणालो. "दार ढकला आणि त्यांनाच विचारा."

त्याने दाराकडे पाहिलं. हातही थोडा पुढे आला. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं, "राउंड छे," म्हणाला, आणि जिना उतरून गेला. खालच्या वॉर्डाच्या दाराशी त्याचा रुमाल नाकापाशी गेला, ते मला वरून दिसलं.

मी तिथेच उभा राहिलो. दार उघडायला बराच वेळ लागला.